हसू कुणाला, धाड कुणावर?

'वीड्स' ही अमेरिकन सिरियल मी धरमतरला बसून पाहिली. २००५ ते २०१२, आठ पर्वं. नवरा मेला, थाट तर टिकवायचाय, म्हणून कॅलिफोर्नियाच्या टुमदार वसाहतीतली गोरी नॅन्सी चोरून गांजा विकते. पोरंही सांभाळते. आपण खो खो हसतो.

आता तीच बाई खाडीकाठच्या झोपडीत बसवा. नवरा मेलाय, चूल थंड, हाताशी हातभट्टीचा कॅन. हसा की! तिच्यासाठी १९४९चा दारूबंदी कायदा, पहाटेची धाड, ओतून दिलेलं रसायन. तिची सिरियल होत नाही, पंचनामा होतो.

नॅन्सीला माल पुरवते हेलिया, काळी बाई. नायिका मात्र गोरी! गांजापायी काळ्यांना अटक होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास चौपट, हे तिथल्या नागरी स्वातंत्र्य संघटनेनं २०१३मध्ये आकड्यांनिशी मांडलं.

हातभट्टीचे गोडवे मी गात नाही. २०१५ला मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, बहुतेक हातावर पोट असलेली. पण पांढरपेशा बाईची ती मजबुरी आणि आपल्या बाईचा तो धंदा, हा न्याय कुठला?

सिरियल जरूर बघा. हसता हसता एवढं विचारा, धाड कुणाच्या दारात पडते?