दुर्गाबाई खोटे यांचा गौरव कशासाठी?

दुर्गाबाई खोटे यांचे नाव निघाले की ‘चांगल्या घरची बाई सिनेमात आली’ एवढ्याच गोष्टीसाठी त्यांची वाखाणणी करण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती मला अन्यायकारक वाटते. कारण तीत मान मिळतो तो कुळाला, आणि सुमारे पन्नास वर्षांच्या श्रमांनी व व्यवहारबुद्धीने उभी राहिलेली कारकीर्द मात्र बाजूला पडते.

1905 साली मुंबईच्या लाड घराण्यात जन्मलेल्या आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या दुर्गाबाईंनी सासरची सांपत्तिक स्थिती खालावल्यावर, पदरी दोन मुले असताना, 1931 मध्ये ‘फरेबी जाल’ या चित्रपटात लहानसे काम पत्करले, तेव्हा त्याच कुलीनतेच्या नावाने त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांना सावरले ते कामानेच. पुढल्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीची भूमिका दिली; पार्श्वगायनाची सोय नसल्यामुळे नटीलाच गावे लागे, आणि दुर्गाबाई गायिल्या.

यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. नटनट्यांनी एकाच कंपनीचे दरमहा वेतन घ्यावे आणि तिच्याच हुकमतीत राहावे, असा शिरस्ता असताना दुर्गाबाई कलकत्त्यास जाऊन ‘राजरानी मीरा’ व ‘सीता’ करून आल्या, आणि 1936 मध्ये पुन्हा प्रभातच्याच ‘अमरज्योती’त सौदामिनी झाल्या. पुत्राचा ताबा मातेला नाकारणाऱ्या राजसत्तेविरुद्ध शस्त्र उचलून समुद्रावर चाचेगिरी करणारी ती स्त्री आजही दचकवते! त्याच साली हॉलिवूडची बेटी डेव्हिस कंपनीच्या करारनाम्यातून सुटण्यासाठी लंडनच्या न्यायालयात झगडून हरली. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडला तशाच खटल्यात न्याय मिळाला तो 1944 मध्ये. सातासमुद्रापार जे कोर्टकज्जे करून मिळवावे लागले, ते स्वातंत्र्य एका मराठी स्त्रीने आपल्या कामाच्या बळावर आधीच उपभोगले होते. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी ‘सवंगडी’ या चित्रपटाची निर्मिती केली आणि पुढे लघुपटांची स्वतःची संस्था चालवली. ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई सर्वांना ठाऊक आहे, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कारही; त्यांविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

हे सारे आमच्या कुंभिवली गावात बसून लिहावेसे वाटले, याला कारण आहे. कर्जत-चौक परिसरात 2005 मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा राहिल्यापासून आमच्या खालापूर तालुक्याला चित्रपटाचा धंदा परका राहिलेला नाही. तरीही एखाद्या मुलीने त्या कामाची इच्छा बोलून दाखवली, की घरात पहिला प्रश्न उठतो तो लोक काय म्हणतील हाच. मोबदला किती, करारनामा कोणाशी, कामाचे तास किती, परतीच्या गाडीचा बंदोबस्त कोण करणार, हे खरे महत्त्वाचे प्रश्न कोणी विचारीत नाही. दुर्गाबाईंनी उत्तरायुष्य आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागेस घालवले आणि ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र मागे ठेवले. कर्जत-खालापूरच्या शाळांनी व ग्रंथालयांनी ते पुस्तक मागवावे, मुलींच्या हाती द्यावे, आणि मुलींच्या आधी ते त्यांच्या वडीलधाऱ्यांनी वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.