पाटी एजन्सीची, पगार अनुभवाचा

वसई-विरारमध्ये सध्या चार क्लायंट मिळाले की फ्रीलान्सर इन्स्टाच्या बायोत ‘फाउंडर’ लिहितो. मग वालीवच्या एखाद्या गाळेवाल्याचं पेज सांभाळायला नालासोपाऱ्याची दोन पोरं ‘इंटर्न’ म्हणून येतात. पगार? अनुभव! कारण काय, तर क्लायंटचं बिल तीन महिने अडकलंय.

मी याला सरळ वेठबिगारी म्हणतो. धंदा तुमचा, तर जोखीमही तुमचीच. ती पोरांच्या खिशातून का भरायची?

बिल वसूल करायला कायदा आहे. उद्यम नोंदणी फुकट होते. 2006च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण क्लायंट तुटेल म्हणून आपण तिथे गप्प बसतो आणि आवाज चढवतो इंटर्नवर.

उलाढाल जीएसटीच्या 20 लाखांच्या मर्यादेपलीकडे गेली म्हणून कुणी एजन्सी होत नाही. क्लायंटने पैसे थकवले तरी एक तारखेला दुसऱ्याचा पगार जमा करता आला पाहिजे. तेवढी शिल्लक गाठीशी नसेल तर खुशाल एकट्याने काम करा. त्यात कसला आलाय कमीपणा?