जास्वंदीवरचा भुसा

लकडगंजमध्ये राहायचं म्हणजे आरामशीनची घरघर आणि लाकडाचा भुसा आलाच! त्यामुळे बाल्कनीतल्या जास्वंदीवर पांढरं पांढरं काही दिसलं, तेव्हा खालच्या आरामशीनला मनातल्या मनात शिव्या घालून मी ऑफिसला पळाले. तिसऱ्या दिवशी बघते तर काय... भुसा चालत होता!

वर्ध्याहून आलेल्या मावशीनं एका नजरेत ओळखलं. "अगं पोरी, हा तर मिलीबग होय! याच्यापायीच आमची पऱ्हाटी गेली होती." त्या वर्षी फवारणीवरच इतका पैसा गेला की ताईचं कॉलेज वर्षभर लांबलं. हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. मूळ गाव उत्तर अमेरिका. २००५च्या सुमारास तो भारतातल्या कपाशीवर दिसला आणि बघता बघता पसरला. आपल्या नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतली ४७ ठिकाणं पालथी घातली. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला : नमुन्यांत ९५ टक्के हाच परदेशी पाहुणा! झाडाचा रस शोषायचा, मागे चिकट गोड स्राव सोडायचा, त्यावर काळी बुरशी. वर अंगात मेणाचा रेनकोट. औषध आत पोचणार कसं?

मग याला आवरलं कुणी? एका चिमुकल्या गांधीलमाशीनं! २००८ मध्ये ती भारतात सापडली आणि शास्त्रज्ञ ओ. एम. बंबावाले यांच्या नावावरून तिचं बारसं झालं, 'एनेशियस बंबावालेई'. ती मिलीबगच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि उरते फक्त तपकिरी ममी. गंमत म्हणजे पुढे कळलं, ही तर अमेरिकेतलीच जुनी जात! शत्रूच्या मागोमाग त्याचा वैरीही आला होता, कुणी न बोलावता.

पण बॉस, एक लोचा आहे. मिलीबगला रेनकोट आहे, माशीला नाही. धडाधड फवारलं की आधी तीच मरते.

माझ्या हातात स्प्रेची बाटली तयारच होती. मावशीनं पान उलटून दाखवलं. पांढऱ्या गर्दीत चार-पाच तपकिरी ठिपके. ममी! "राहू दे," ती म्हणाली. "आम्हाला तेव्हा कुणी दाखवलं नव्हतं."

बाटली परत कपाटात गेली. या वीकेंडला तुम्हीही एखादं पान उलटून बघा ना!