क्षपण म्हणजे काय रे?

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. पुतण्याचा मुलगा अकरावी सायन्ससाठी आमच्याकडे राहायला आला, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. गावातल्या मराठी शाळेतून दहावी झालेला, विज्ञानात १०० पैकी ९१. आणि इथे पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीत २५ पैकी ७ मार्क घेऊन आला. दप्तर कोपऱ्यात टाकलं, धड जेवला नाही, आणि रात्री माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "आजी, मी आर्ट्सला जाऊ का?"

आता मी स्वतः बी.ए., तेही मराठी माध्यमातून. सगळा जन्म शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेला. आर्ट्स म्हणजे खालची पायरी असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडायला उठेन. पण आवडीने आर्ट्सला जाणं वेगळं आणि घाबरून जाणं वेगळं. या मुलाला आठवीपासून बी.फार्म. करायचंय. गावातल्या मेडिकलच्या दुकानात बसून औषधांच्या पट्ट्यांवरची नावं वाचत राहायचा. तो एका चाचणीने हे सगळं सोडून द्यायला निघाला, याचं मला वाईट वाटलं.

म्हटलं, "उद्या पुस्तक घेऊन बस माझ्याजवळ. बघू तरी काय प्रकरण आहे."

केमिस्ट्रीतलं मला ओ की ठो कळत नाही. मॅट्रिकला जे काही होतं ते केव्हाच पुसलं गेलंय. तरी चष्मा लावून बसले. बालभारतीचं २०१९ साली आलेलं अकरावीचं जाडजूड पुस्तक, सगळं इंग्रजीत. पहिलं पान वाचल्यावरच मनात निकाल देऊन टाकला, की हा सगळा इंग्रजीचा दोष! दहा वर्षं मराठीत शिकलेल्या मुलाला जूनमध्ये एकदम इंग्रजीच्या पुरात ढकलायचं आणि वर म्हणायचं, पोह. मराठीची शिक्षिका ना मी, मला हा निकाल आवडलाही.

पण तो निकाल अर्धाच खरा होता. पुस्तकात 'रिडक्शन' हा शब्द आला. मी म्हटलं, "अरे, हे तुला मराठीत येत असेलच की." तो म्हणाला, "हो, क्षपण." मी विचारलं, "क्षपण म्हणजे काय रे?" त्याने व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. मी परत विचारलं, "ते झालं. पण म्हणजे काय?" तर गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हणजे... क्षपण."

म्हणजे ९१ मार्क मिळवून देणारा मराठी शब्दही त्याच्यासाठी तितकाच मुका होता. फरक इतकाच की मराठीतलं पाठांतर खपून गेलं आणि इंग्रजीतलं अंगावर आलं.

मग आम्ही दोघं मिळून त्या शब्दाच्या मागे लागलो. इंग्रजी 'रिड्यूस'चा अर्थ कमी करणे, आणि आपल्या क्षपणातही तोच कमी होण्याचा, क्षयाचा अर्थ. पण पुस्तक सांगतं की रिडक्शनमध्ये इलेक्ट्रॉन मिळतात. मिळतात आणि नाव कमी होण्याचं! कुठल्याही शहाण्या मुलाचा इथे गोंधळ व्हायलाच हवा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे 'परत आणणे'. खनिजातून लोखंड काढायचं म्हणजे त्याला पुन्हा धातूच्या रूपात आणायचं. भट्टीत कोळसा खनिजातला ऑक्सिजन काढून नेतो आणि मागे लोखंड उरतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये, नाव त्याच्या कितीतरी आधीचं. एवढं कळल्यावर मुलगा म्हणाला, "मग असं सांगत का नाहीत?"

मला वाटतं, खरा प्रश्न हाच आहे.

त्या दिवसापासून आमचा रोज रात्रीचा अर्धा तास ठरला. मी शिकवायचं काहीच नाही, फक्त विचारायचं, "म्हणजे काय?" आणि त्याने मला कळेल अशा मराठीत सांगायचं. त्यालाही सांगता आलं नाही, तर दोघांनी मिळून मराठी विश्वकोश उघडायचा. तो आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो आणि त्यात रसायनशास्त्रावरच्या नोंदी भरपूर आहेत.

'मोल'ची गंमत सांगते. नववीत हा शब्द त्याला एकदा भेटला होता. तेव्हा तो समजला होता की मोल म्हणजे किंमत! घाम गाळला की मोल मिळतं, तसलं काहीतरी. हसू नका, मुलाचं चुकलं कुठे? खरं तर हा शब्द 'मोलेक्यूल'वरून आलेला, आणि मोल म्हणजे नुसती मोजणी. डझन म्हणजे १२, कोडी म्हणजे २०, आंब्यांचा शेकडा असतो, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके कण. आकडा अवाढव्य, कारण कण फार बारीक.

मी केकसाठी आणलेला काटा काढला. एका वाटीत १८ ग्रॅम पाणी, म्हणजे साडेतीन चमचे. दुसरीत साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ. आणि पातेल्यात ३४२ ग्रॅम साखर. तिन्ही एकेक मोल. डझनभर लिंबं आणि डझनभर कलिंगडं, संख्या सारखी आणि वजन वेगळं, तसंच हे. पाच मिनिटं तो त्या वाट्यांकडे बघत बसला. मग पुस्तकातलं गणित मला न विचारता सोडवलं. (साखर दुसऱ्या दिवशी शिऱ्यात गेली.)

असे किती शब्द सांगू! आपण म्हणतो, चहा स्ट्राँग झालाय, म्हणजे दाट झालाय. केमिस्ट्रीत मात्र 'स्ट्राँग' आणि 'कॉन्सन्ट्रेटेड' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. हायड्रोक्लोरिक आम्लात कितीही पाणी घातलं तरी ते तीव्रच राहतं, फक्त विरल होतं. आणि व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल कितीही संहत असो, ते सौम्यच. मराठीत तीव्र आणि संहत असे दोन निराळे शब्द आहेत, त्यामुळे फरक चटकन दाखवता येतो. इथे मराठी कामाला आली.

पोटॅशियमची खूण 'के' का? तर कॅलियम म्हणून. ते अरबी 'अल्-कली'वरून आलं, आणि तो शब्द वनस्पतींच्या राखेचा. आम्ही लहानपणी चुलीतल्या राखेने भांडी घासायचो, तूपकट भांडंही स्वच्छ निघायचं, कारण राखेत पोटॅशियमचा अल्कधर्मी क्षार असतो. आपण घासत होतो ती केमिस्ट्रीच होती, हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली!

आणि मेंडेलीव्ह. त्याने १८७१ मध्ये आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागांसाठी न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावं दिली ती 'एका-ॲल्युमिनियम', 'एका-सिलिकॉन' अशी. हा 'एक' आपला, संस्कृतातला. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, १८८६ मध्ये जर्मेनियम, आणि त्याचं भाकीत खरं ठरलं. हे ऐकून आमच्या मुलाचा चेहरा असा काही खुलला! तिकडे रशियात बसलेल्या माणसाने आपला शब्द घेतला होता. पुस्तक थोडंसं त्याचं झालं, असं मला वाटलं.

आता यावर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. आमचे धाकटे दीरच म्हणाले, "वहिनी, हे सगळं गोड आहे, पण सीईटीत हे विचारत नाहीत." खरं आहे. बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी द्यायची, त्यात फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तिथे अल्-कली आठवत बसायला वेळ कुणाला आहे? पण मी त्यांना उलट विचारलं, ५४ सेकंदांत 'स्ट्राँग' म्हणजे नक्की काय हेच ज्याला आठवावं लागतं, त्याला वेळ पुरेल का? ज्याला अर्थ पक्का माहीत आहे त्याचाच हात झरझर चालतो.

दुसरा आक्षेप असा की पुढे कॉलेजात सगळं इंग्रजीतच आहे, मग मराठीचे लाड कशाला? इंग्रजीला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. त्याला इंग्रजीतच परीक्षा द्यायचीय आणि पुढचं इंग्रजीतच वाचायचंय. नीट मराठीतून देता येते, जेईई मेनही २०२१ पासून मराठीतून देता येते, हे चांगलंच झालं. पण नुसती प्रश्नपत्रिका मराठीत आणून भागत नाही. 'रिडक्शन'च्या जागी 'क्षपण' छापलं म्हणून आमच्या मुलाला काय कळलं असतं? शब्द कुठल्याही भाषेतला असो, त्याचा अर्थ मुलाला त्याच्या घरच्या भाषेत, हुज्जत घालत, चुकत चुकत समजून घेता आला पाहिजे. ऐंशी मुलांच्या वर्गात उभं राहून इंग्रजीत शंका विचारायची हिंमत खेड्यातल्या मुलाला होत नाही. तो गप्प बसतो, आणि गप्प बसणाऱ्याला आपण 'कच्चा' म्हणतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. अकरावीचे पहिले पंधरा तास तरी या शब्दांना द्यावेत. मुलांना शंका मराठीत विचारू द्याव्यात, उत्तर इंग्रजीत लिहायला शिकवावं. आणि प्रॅक्टिकल खरोखर करून घ्यावीत. बारावीच्या केमिस्ट्रीत १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे आहेत. पण क्लास आणि कॉलेज एकत्र अशी सोय जिथे आहे, तिथे प्रयोगाचे तास काही ठिकाणी जर्नल उतरवून काढण्यापुरतेच उरलेत, असं त्याचे मित्र सांगतात. प्रयोगशाळा ही एकच जागा अशी आहे की जिथे मराठी शाळेतला मुलगा आणि कॉन्व्हेंटचा मुलगा एका पातळीवर येतात. ब्युरेटमधून परमँगनेटचा थेंब थेंब पडत असतो, रंग नाहीसा होत असतो, आणि एका थेंबाला फिकट गुलाबी रंग तसाच टिकतो. ते बघायला कुठलंच माध्यम लागत नाही. आमच्या कॉलेजात प्रयोग होतात, हे त्याचं नशीब. पहिल्यांदा टायट्रेशन करून आला तेव्हा जिन्यातूनच ओरडत आला होता.

आता तो बारावीत आहे. फार मोठा चमत्कार वगैरे झालेला नाही. अकरावीच्या शेवटी केमिस्ट्रीत शंभरपैकी ५८ पडले. ऑरगॅनिकमध्ये अजून अडखळतो, आणि तिथे माझंही काही चालत नाही. बी.फार्म.ला प्रवेश मिळेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण आर्ट्सला जाऊ का, हे त्याने पुन्हा विचारलं नाही.

आपल्या नात्यात पुढच्या जूनमध्ये अकरावीला जाणारी तीन मुलं तरी आहेत. त्यांच्या आईवडिलांना आणि मुख्यतः आजीआजोबांना सांगते, क्लासची फी भरायची तर भरा, पण रात्री अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. तुम्हांला केमिस्ट्री येत नाही म्हणून लाजू नका. येत नाही म्हणूनच तर मनापासून विचारता येतं, "म्हणजे काय रे?"

परवा मीच त्याला म्हटलं, "गेट गंजायला चार पावसाळे लागले, म्हणजे ही क्रिया काही 'स्पॉन्टेनियस' नाही." तर म्हणाला, "आजी, चुकलात. स्पॉन्टेनियस म्हणजे आपणहून होणारी. लवकर होणारी असं कुठे म्हटलंय?"

मी वहीत लिहून घेतलं.