कर्ज शरीरातही उतरते

यवतमाळच्या शेतकऱ्याचे दुःख कर्ज, भाव आणि पाऊस या तीन शब्दांत मांडायची आपल्याला सवय झाली आहे. मांडणी खोटी नाही, अपुरी आहे, कारण ती शरीरापर्यंत पोचत नाही. धास्ती वाढली की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. एरवी ते सकाळी चढते, रात्री ओसरते. अंधार पडला की मेलाटोनिन हे दुसरे संप्रेरक वाढते आणि झोप येते. घोर सरतच नाही आणि त्यात वीज रात्रीची, म्हणून ओलितासाठी जागरण. तेव्हा ही घडी विस्कटते. झोप मोडली की दुखणे अधिक बोचते, मन खचते, आणि खचलेल्या मनाला पुन्हा झोप लागत नाही. त्यात फवारणीच्या विषाची भर: २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके ॲसिटिलकोलिनचे विघटन करणारे विकर रोखतात. म्हणजे घाव थेट मज्जासंस्थेवर बसतो.

यावर आक्षेप येईल, की हा धोरणाचा दोष शरीरातल्या रसायनांवर ढकलण्याचा प्रकार आहे. आक्षेप रास्त आहे. गोळीने सावकाराचे देणे फिटत नाही, आणि नैराश्य म्हणजे फक्त मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाची कमतरता हे समीकरणही संशोधनात टिकलेले नाही. पण शरीराची साक्ष धोरणाला मोकळे सोडत नाही, उलट अधिक जबाबदार धरते. दिवसा वीज देणे हा मग आरोग्याचाही प्रश्न ठरतो. राज्य सरकारच्या २०१५ पासूनच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने शेतकऱ्यांसाठी समुपदेशन गावापर्यंत नेण्याचे ठरवले. तिथे पहिला प्रश्न झोपेचा असावा, कारण ‘मन खचले’ म्हणायला लाजणारा माणूसही ‘झोप येत नाही’ हे सांगतो.