विश्लेषण : ओव्हरक्लॉक न करताही डेस्कटॉप का कोसळतो?

गेम सुरू होताच संगणक रीस्टार्ट होणे, लग्नाच्या व्हिडिओचे रेंडरिंग निम्म्यावर थांबणे, मध्येच निळा पडदा दिसणे... अशा वेळी खापर बहुधा विंडोज, व्हायरस किंवा ग्राफिक्स कार्डवर फुटते. कारण अनेकदा वेगळेच असते. संगणक मर्यादेबाहेरच्या वेगाने चालत असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर किंवा रॅम कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढवला की व्होल्टेजही वाढवावे लागते. वीजवापर साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज १.२ वरून १.३ केले, तर वेग तोच ठेवूनही वीजवापर सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. तेवढी उष्णता कूलरला बाहेर टाकावी लागते.

स्वतः न करता ते कसे होते?

काही मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच प्रोसेसरची वीजमर्यादा सैल ठेवतात. दुसरे कारण रॅमचे ‘एक्सएमपी’. कोअर आय९ १४९००के या प्रोसेसरसाठी डीडीआर५ रॅमचा अधिकृत वेग ५६०० पर्यंत आहे. ६००० ची रॅम लावून एक्सएमपी सुरू केले, की ते ओव्हरक्लॉकिंगच ठरते.

इंटेलचे प्रकरण काय होते?

१३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही कोसळू लागले. मायक्रोकोडमधील दोषामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे चिपमधील क्लॉकचे सर्किट अकाली झिजते, असे सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट झाले. त्यासाठी बायोस अपडेटमधून ०x१२९ आणि पुढे ०x१२बी हे मायक्रोकोड देण्यात आले. मात्र, अपडेटमुळे पुढची झीज टळते. झालेली झीज भरून निघत नाही.

अहिल्यानगरमध्ये काय लक्षात घ्यावे?

कूलर खोलीतील हवेनेच प्रोसेसर थंड करतो. खोलीचे तापमान २५ वरून ४० अंशांवर गेले, की प्रोसेसरही जवळपास तितकाच जास्त तापतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये व्यवस्थित चाललेली सेटिंग मे महिन्यात टिकेलच असे नाही. सावेडीतला एडिटिंग स्टुडिओ असो वा नागापूर एमआयडीसीतील डिझाइनचा संगणक, चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घेतलेली बरी.

दोष कसा शोधावा?

* महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवा. अस्थिर रॅममुळे फायली नकळत खराब होऊ शकतात.
* बायोस अपडेट करा, सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणा आणि एक्सएमपी बंद करा.
* मेमटेस्ट८६ ने रॅम तपासा. चूक दिसली तर एकेक पट्टी वेगळी लावून पाहा.
* नंतर प्राइम९५ किंवा ओसीसीटी चालवून तापमान पाहा.
* सगळे स्थिर असेल तर एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले, तर दोषी कोण ते कळत नाही.
* निळा पडदा न येता संगणक थेट बंद पडत असेल, तर एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंगही तपासा.

वॉरंटीचे काय?

मूळ सेटिंगवरही संगणक कोसळत असेल आणि रॅम व वीजपुरवठा ठीक असेल, तर प्रोसेसरवर संशय घ्यायला जागा आहे. या दोषाच्या कक्षेतील बॉक्समधून आलेल्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली आहे. म्हणजे नोव्हेंबर २०२२ मधील खरेदीला नोव्हेंबर २०२७ पर्यंत संरक्षण मिळते. बॉक्सशिवाय आलेल्या ‘ट्रे’ प्रोसेसरसाठी मात्र ज्याच्याकडून घेतला, त्या विक्रेत्याकडेच जावे लागते. असेम्बल केलेल्या संगणकात यातला कोणता प्रोसेसर आहे, हे बिलावर लिहून घेतलेले नसेल, तर दुकानदाराकडे आजच चौकशी केलेली बरी.