कुंपण आणि काठ

मा. महासंचालक, बीबीसी, लंडन यांस,



एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. एका रात्रपाळीला नव्या पोरानं कॉपी पुढं केली: ‘या प्रश्नावर खासदार अजून कुंपणावर बसले आहेत.’ पान सोडायला वीस मिनिटं उरलेली. मी ते खोडून ‘खासदारांचं तळ्यात-मळ्यात’ असं केलं. पोरगं म्हणालं, “सर, म्हणजे तटस्थच ना?” “नाही रे,” एवढंच बोललो. उरलेलं उत्तर आज तुम्हाला लिहितो.

कुंपणावरचा माणूस दोन्हीकडे एकेक पाय सोडून बसतो. सरशी होईल तिकडं उडी मारायला मोकळा. तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला. तो पाण्यात उतरत नाही, पण पाणी कुठं वाहतंय ते त्याला स्वच्छ दिसतं, आणि विचारलं तर त्यानं ते सांगायचं असतं.

हा फरक तुम्ही एकदा विसरलात. १० ऑगस्ट २०१७ रोजी तुमच्या रेडिओ ४ वरच्या ‘टुडे’ कार्यक्रमात थॅचरबाईंचे एकेकाळचे अर्थमंत्री लॉर्ड लॉसन बोलून गेले, की गेल्या दहा वर्षांत जगाचं सरासरी तापमान किंचित उतरलंय. तेव्हा २०१६ हे नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरून सात-आठ महिने झाले होते. मुलाखतकारानं टोकलं नाही. श्रोत्यांनी तक्रारी केल्या, तर आधी तुम्ही स्वतःचं समर्थनच केलंत. चूक मान्य व्हायला ऑक्टोबर उजाडला. एप्रिल २०१८ मध्ये प्रसारण नियामक ऑफकॉमनंही नियमभंगाचा ठपका ठेवला. विज्ञानाविरुद्धच्या मताला बरोबरीची जागा देणाऱ्या असल्या खोट्या समतोलाबद्दल प्रा. स्टीव्ह जोन्स यांनी तुमच्याच ट्रस्टच्या अहवालात २०११ सालीच बजावलं होतं!

पुढं सप्टेंबर २०१८ मध्ये तुम्ही बातमीदारांना हवामानबदलाच्या बातम्यांबद्दल लेखी समज दिलीत: मँचेस्टर युनायटेड २-० नं जिंकली, तर ती जिंकलीच नाही म्हणणारा पाहुणा आपण बोलावत नाही. झकास. (आम्ही क्रिकेटचा दाखला दिला असता, इतकंच.)

पण पाहुण्यांची निवड हा अर्धाच भाग झाला. निवडलेला पाहुणाही चुकीचा आकडा फेकतो. अशा वेळी खरा आकडा निवेदकाच्या समोरच्या कागदावर हवा आणि त्यानं तिथल्या तिथं टोकायला हवं. दोन महिन्यांनी आलेली कबुली वाचतो कोण? ज्यानं सकाळी चहा पिताना तो आकडा ऐकला, तो दुपारपर्यंत दहा जणांना सांगून मोकळा होतो. २ ऑक्टोबर २०१७ पासून तुमची मराठी सेवाही आहे, म्हणजे हा चहा आमच्या घरचासुद्धा.

त्या दहा जणांपर्यंत दुरुस्ती कशी पोचवता, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक